साळूबाईंच्या ताटल्या

१९९४ साली सोनईची मंडळी मला बघायला येणार म्हटल्यावर आईने आमच्या भिंगारच्या दोन खोल्यांचा कायापालट केला. घरात धड काचेच्या बशा दोनच, म्हणून शेजारच्या साळूबाईंकडून स्टीलच्या नव्या ताटल्या आणल्या. टेबलफॅनही त्यांचाच. माझी एम.ए.ची पुस्तकं पलंगाखाली गेली.

"बी.ए. झालंय म्हनायचं अन् गप बसायचं," आईने बजावलं. "लई शिकलेली पोरगी म्हनलं की लोक बिचकत्यात."

मला संताप आला. एम.ए.चं दुसरं वर्ष सुटलं तर ते कायमचं सुटणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि वर्गात आम्ही नेमकं हेच शिकत होतो: माणूस चारचौघांत नाटकातल्यासारखा वावरतो, बाहेरच्या खोलीत एक आणि स्वयंपाकघरात दुसरा. समजावताना सरांना घाम फुटला होता. आईला ते उपजतच येत होतं.

फक्त ताटल्यांवर साळूबाईंचं नाव ठसठशीत कोरलेलं होतं. भांडं घेतलं की दुकानातच नाव घालून घ्यायची आपली रीत. मी ते दाखवलं, तर आई म्हणाली, "पोराला अन् त्याच्या मामाला काचेच्या बशा दे. त्याची आई शेतात राबनारी बाई, तिला कुठं वाचता येतंय?"

मंडळी आली, जयभीम झाला. मुलगा, चेतन, साखर कारखान्यात कारकून होता. तो इस्त्री मोडू नये म्हणून ताठ बसला होता. त्याच्या आईला, भिमाबाईंना, मी साळूबाईंची ताटली दिली.

"बसा निवांत, सगळं घरचंच हाय," आई सांगत होती.

पोहे निम्मे झाले आणि भिमाबाई थबकल्या. त्यांचे ओठ आवाज न करता हलू लागले. एकेक अक्षर लागत होतं. त्यांनी ताटलीकडे पाहिलं, मग आईकडे.

भिमाबाईंनी बोटाने उरलेले पोहे हळूच त्या नावावर सारले आणि ताटली खाली ठेवली. "झ्याक झाल्यात पोहे. पोट भरलं."

एखाद्याचं सोंग उघडं पडू लागलं की समोरची माणसंच ते सावरून घेतात, हेही सरांनी सांगितलं होतं. त्यावर मी परीक्षेत दोन पानं लिहिली होती. पाहिलं मात्र आज. या बाईशी खोटं बोलायचं नाही, एवढंच मला कळलं.

"मावशी, मी एम.ए. करते. एक वर्ष राहिलंय. मला ते पुरं करायचंय."

आईने डोळे वटारले. चेतनने पहिल्यांदाच मान वर केली.

"कशात करतीस?" भिमाबाईंनी विचारलं.

"समाजशास्त्रात. माणसं एकमेकांपुढं कशी वागतात ते शिकते."

"त्याला कालेज लागतं व्हय?" त्या खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, "मागल्या साली गावात साक्षरतेचा वर्ग निघाला. पन्नाशी उलटल्यावर म्या पाटी हातात धरली. लोक हसले, तरी मी गेले. आता तुझं वरीस बुडवून कुन्या तोंडानं वर्गात बसू? परीक्षा हू दे. लगीन मग."

"माझं काही म्हणणं नाही," चेतन चटकन म्हणाला, आणि लाजला. मला तो तेव्हाच आवडला.

आईचा चेहरा खुलला आणि खुलता खुलता अडकला.

"म्हंजी... तुमाला वाचता येतं?"

"थोडं थोडं," भिमाबाई म्हणाल्या. "जोडाक्षरं आजून न्हाई येत. नावं येत्यात."