टाकी लावलेली पावलं

कोंढा गावाच्या अलीकडे तेजरामची धानाची बांधी आहे. तिला लागून नाला, आणि नाल्याच्या काठी उघडा पडलेला सपाट दगडाचा पट्टा. त्या दगडात एका ओळीनं अकरा पावलं उमटलेली होती, तीन-तीन बोटांची, हातभर लांब. गाव त्यांना राकसाचे पाय म्हणायचं आणि त्यापलीकडे फारशी विचारपूस करायचं नाही. बाया तिथं गोधड्या वाळत घालायच्या, शेळ्या खळग्यातलं पाणी प्यायच्या. राकस काही तक्रार करायला आला नव्हता.

धानाची रोवणी आटोपली त्या सुमाराला नागपूरच्या कॉलेजातून हर्षा मॅडम आल्या. मूळच्या सानगडीच्या, वयानं तेजरामच्या लेकीएवढ्या. दगडावर चक्क पालथ्या पडून त्यांनी तासभर ती पावलं पाहिली. उठल्या तेव्हा कपड्यांना चिखल आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. ही पावलं राकसाची नाहीत, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या डायनासोरची आहेत, असं त्यांनी सांगितलं. तेवढ्यात पावसानं गाठलं. मोबाइलवर कसेबसे दोन फोटो निघाले, तेही धूसर.

"काका, दिवाळीनंतर मी आमच्या मोठ्या सरांना घेऊन येते," त्या म्हणाल्या. "ते कोणावर लवकर भरवसा ठेवत नाहीत. माझ्या शब्दावर येऊन राहिले. तोवर इथं कोणाले हात लावू देऊ नका."

झालं, तेजरामची छाती जी फुगली ती दोन महिने खाली आली नाही. त्यानं गोधड्या बंद केल्या, शेळ्या हाकलल्या. पारावर बसून तो सरपंचालासुद्धा डायनासोर समजावून सांगू लागला, आणि सरपंच ऐकूनही घ्यायचा.

आता तेजरामचा दुसरा धंदा सांगायला हवा. शेती सांभाळून तो मसाला वाटायच्या पाट्यांना टाकी लावून द्यायचा. वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की त्यावर मसाला नुसता घसरतो. मग छन्नी-हातोडीनं त्यावर बारीक टाके पाडून तो पुन्हा खरबरीत करावा लागतो. या कामात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

दिवाळी झाली, गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, जवळ आली. मंडईला घरोघर पाहुणे येणार म्हणून भिंती पोतून झाल्या, आंगणं सारवून झाली. मोठे सर यायचे होते मंडईच्या आदल्या दिवशी. तेजराम नाल्यावर गेला आणि पावलांकडे पाहून त्याचा जीव खट्टू झाला. कडा वाकड्यातिकड्या, बोटांच्या मागे दगडाचे उंचवटे, कुठं आडव्या भेगा, कुठं नुसत्या वळ्याच वळ्या. एवढा मोठा माणूस येणार आणि त्याला हे असं दाखवायचं? त्याचे हात शिवशिवू लागले.

तो दगडावर बसून ठोकत होता तेव्हा निर्मलाबाई चहा घेऊन आली. नवऱ्याचा उद्योग पाहून ती जागीच थांबली.

"अजी, मॅडमनं हात लावू देऊ नोका म्हनलं होतं ना?"

"ते दुसऱ्याच्या हाताले म्हनलं वो. मी का दुसरा आहो?"

चार दिवस खपून त्यानं अकराही पावलं लखलखीत केली. बोटं टोकदार झाली, टाचा गोल झाल्या, मधला दगड तळहातासारखा साफ झाला.

मोठे सर आले. बारीक चणीचे, कमी बोलणारे. हर्षा मॅडम जीपमधून उतरल्या त्या जवळजवळ धावतच निघाल्या, आणि दगडाशी येऊन थबकल्या. तेजराम पुढं झाला होता, शाबासकी घ्यायला. मॅडमचा चेहरा पाहून तो दोन पावलं मागे सरला.

सर उकिडवे बसले. एका बोटाच्या खाचेत त्यांनी नख फिरवलं, नखाला लागलेली पांढरी भुकटी पाहिली.

"हर्षा, हे छन्नीनं कोरलेलं आहे. तेही याच आठवड्यात."

"सर, मी पाहिलं तेव्हा असं नव्हतं."

"फोटो?"

मॅडमनी मोबाइल पुढं केला. सरांनी तो उन्हाआड धरून पाहिला आणि परत दिला. "यात काही दिसत नाही. असल्या बनावटीसाठी तू मला इथवर आणलंस? उद्या तुझं नाव मी कोणासमोर कसं घेऊ?"

बनावट! तो शब्द तेजरामच्या कानशिलांवर बसला. बोलायला हवं होतं, त्याच क्षणी. पण सरपंच उभा होता, मंडईला आलेले व्याही उभे होते, अर्धं गाव उभं होतं. दोन महिने नको तितकं बोललेला माणूस आता स्वतःच्या पायाची बोटं मोजत उभा राहिला. थू त्याच्या मोठेपणावर!

मॅडम मात्र सरांना जीव तोडून सांगत होत्या. "सर, त्या टोकाची पावलं उथळ होती आणि नाल्याकडची खोल. बोटांच्या मागे चिखल उचलला जाऊन उंचवटे झाले होते. मधे पाण्याच्या लहरींच्या वळ्या होत्या. ही तळ्याची कड होती, सर. जनावर कोरड्यातून ओल्यात चालत गेलं. नंतर पाणी हटलं, चिखल वाळला, भेगा पडल्या. एका भेगेनं तर पाऊल मधोमध चिरलं होतं. पाणी कुठवर होतं, कसं हटलं, सगळं इथं दिसत होतं."

"होतं," सर म्हणाले. "आता आहे?"

तेजरामला हे कोणी शिकवायची गरज नव्हती, आणि तेच त्याच्या जिव्हारी लागलं. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठचा चिखल पाहून तो सांगायचा, म्हैस कधी पाण्यात उतरली, भरल्या पोटी की रिकाम्या, कोणत्या पायानं लंगडत होती. पाय घसरला की मागे चिखल उचलून येतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. तोच उचललेला चिखल दगड होऊन त्याच्यासमोर पडला होता. त्यानं तो घाण समजून उडवला. वाचता येणाऱ्या माणसानंच पाटी पुसून टाकली होती.

मॅडमनी डोळे पुसले. "चूक माझी आहे, सर. मी तेव्हाच सगळं झाकून, मापं घेऊन जायला पाहिजे होतं." आणि त्या पिशवी उचलायला वाकल्या.

ते मात्र त्याला पाहवलं नाही.

"मॅडमची चूक नाई साहेब," तेजराम म्हणाला. "मी केलं. माह्या हातानं. टाकी लावली मी."

"कायले?" हे सरपंचानंच विचारलं.

"पाव्हने येनार होते. चांगलं दिसावं म्हून."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. निर्मलाबाईनं पदर तोंडाला लावला. धरणीनं पोटात घ्यावं असं तेजरामला झालं, पण पायाखालचा दगड चांगला घट्ट होता.

नखाची भुकटी झटकून सर उठले. मग मॅडमना म्हणाले, "तुझ्यावर शंका घेतली, ती मी मागे घेतो. पण ही जागा गेली, हर्षा."

मॅडमनी पिशवीतून वही काढली. रागावतील, चार शब्द सुनावतील, अशी तेजराम वाट पाहत होता. त्यानं त्याला बरंच वाटलं असतं. त्या दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "काका, या. तुम्ही काय काय काढलं ते सांगा. पहिल्यापासून."

"हे पुरावा म्हणून चालणार नाही," सर म्हणाले.

"माहीत आहे, सर."

तेजराम बसला. पहिल्या पावलावर त्यानं हात ठेवला. "हे उथळ होतं. दोन बोटं बी नसंल. याच्या आंगावरून भेग गेलती, असी तिरपी." मॅडम लिहीत होत्या. "दुसरंबी तसंच. तिसऱ्याच्या मांगं वटा होता, वितभर. पाय घसरला असंल त्याचा. डाव्या आंगाले जास्त होता, म्हंजे उतार तिकडं." चौथ्याशी वळ्या कशा होत्या ते त्यानं बोटांनी हवेत काढून दाखवलं. सरही नकळत जवळ येऊन उभे राहिले. तो जितकं नेमकं सांगत गेला तितकी त्याची मान खाली जात गेली, कारण एवढं सगळं दिसत असताना त्यानं घाव घातले होते. सातव्यापर्यंत तळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. नवव्याशी पाणी गुडघ्याला लागलं.

दहाव्यावर त्याचा हात नुसताच फिरत राहिला.

"याच्या मागे काय होतं, काका?"

काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं. खोटं ठरवणारं कोणी नव्हतं, आणि पडताळून पाहायला दगडात काही उरलं नव्हतं.

"आठवत नाई मॅडम," तो म्हणाला. "हे अन् अकरावं, ही दोन मी पाह्यलीच नाई. सांज व्हायच्या आंत काम उरकाचं होतं. नुसती टाकी मारत गेलो."

मॅडमनी मान वर केली नाही. त्यांनी तेही लिहून घेतलं.