गॉर्डीचा डबा

दुकानातून तयार कॉम्प्युटर उचलून आणणारा माणूस आणि आयती गाठ मारलेला टाय गळ्यात अडकवणारा माणूस, या दोघांनाही वेंडेल हॉगन माणसांत धरत नसे. दुर्दैव असं, की समोरच्या घरातला गॉर्डी लिंडक्विस्ट हे दोन्ही करायचा आणि वर दर रविवारी चर्चमध्ये वेंडेलच्याच बाकावर येऊन बसायचा.

वेंडेलची मुलगी क्रिस्टन अलास्कात होती. तिला मुलगा झाला, अँडर्स. डुलुथ गावाहून इतक्या लांब जायचं तर विमानाचं भाडं आणि बायकोचे, मार्लिसचे गुडघे, दोन्ही आडवे यायचे. फोनला तेव्हा नुसते कान होते, डोळे अजून फुटायचे होते.

"बाबा, एक कॉम्प्युटर घ्या," क्रिस्टन म्हणाली. "दर रविवारी नातू समोर दिसेल."

"घ्या म्हणजे? मी बांधतो!" वेंडेल म्हणाला. जन्मभर गोदीतल्या क्रेन दुरुस्त केलेला माणूस तो. आयतं आणणार तरी कसा?

गॉर्डीने मात्र मार्लिसकडून हे ऐकलं, त्याच आठवड्यात दुकानात गेला, खोकं आणलं आणि जोडून मोकळा झाला. वेंडेल मुद्दाम बघायला गेला.

"आत काय काय कोंबलंय, ठाऊक तरी आहे का तुला?"

"नाही बुवा," गॉर्डी म्हणाला. "माझ्या पोटात काय आहे तेही मला ठाऊक नाही. चाललंय ना?"

"आणि पडद्याच्या कपाळावर हा मिचमिचा डोळा कशाला? गळ्यात मारला तुझ्या!"

झालं, वेंडेल कामाला लागला. तळघरातलं टेबल रिकामं केलं. इंटरनेटवर स्वतः कॉम्प्युटर बांधणाऱ्यांचा एक अड्डा होता, तिथे त्याने सल्ला विचारला. उंटावरच्या शहाण्यांना तेवढंच हवं होतं. प्रोसेसर घेतोस? थांब, नवा येतोय. प्रोसेसरवर पंखा बसवताना मध्ये जो मलम लावतात, तो तांदळाच्या दाण्याएवढा की वाटाण्याएवढा, यावर तर भाऊबंदकी पेटली. वेंडेल वाटाणावाल्यांचा झाला आणि तांदूळवाल्यांशी त्याने बोलणं टाकलं.

इकडे मार्लिस दर रविवारी चर्चनंतर भट्टीत भाजलेल्या बटाट्याच्या हॉटडिशचं भांडं घेऊन गॉर्डीच्या पडद्यावर नातू बघायला रस्ता ओलांडायची आणि बुटांवर बर्फ घेऊन परतायची. वेंडेलच्या कॉम्प्युटरची रिकामी पेटी आली तेव्हा बाळ पालथं पडू लागलं होतं. मदरबोर्ड आला तोवर रांगायला लागलं. पेटीला काच लावून आत निळे दिवे सोडले, त्या रविवारी मार्लिस दारातूनच ओरडली, "अरे, दात आला रे त्याला!"

वेंडेलने फ्रिजकडे पाहिलं. तिथल्या फोटोत अजून दात नव्हता.

"तूही चल की रे," ती म्हणायची.

"त्या डब्यात नातवाचं तोंड बघू? माझा नातू मला दिसेल तो माझ्या मशीनवर!"

आणि एका रविवारी ते मशीन उभं राहिलं. काय थाट! आवाज नाही, निळा उजेड, आतली एक वायर वाकडी नाही. मार्लिसला खुर्चीत बसवून वेंडेलने कळ दाबली. पडद्यावर सोफ्याला धरून अँडर्स उभा होता. त्याच्या गालावरची खळी स्पष्ट दिसत होती. वेंडेल पडद्यावर ओणवला.

"अँडर्स! बाळा, मी आजोबा!"

पोरगं इकडेतिकडे बघू लागलं.

"बाबा, आवाज येतोय, पण तुम्ही दिसत नाही," क्रिस्टन म्हणाली. "पडदा काळाच आहे. कॅमेरा लावलात ना?"

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं! पंख्याच्या मलमावर महिना घालवलेल्या माणसाने कॅमेरा घेतलाच नव्हता.

काळ्या पडद्यातून म्हाताऱ्याचा आवाज येतोय म्हटल्यावर अँडर्सला मात्र उलगडा झाला. तो खुदकन हसला, पडद्याकडे बोट केलं आणि ओरडला, "गॉर्डी!"

क्रिस्टनने घाईघाईने निरोप घेतला.

वेंडेलने तडक अड्ड्यावर विचारलं, कॅमेरा कुठला घेऊ? तत्परतेने उत्तर आलं: 'तयार कॅमेरा चुकूनही घेऊ नकोस. भिंग वेगळं मागव, बाकीचं आपण जुळवू. मार्चपर्यंत थांबलास तर उत्तम.' खरं सांगायचं तर वेंडेलला ते पटलं. लिहून घ्यायला तो पेन्सिल शोधू लागला.

मार्लिस बूट चढवून, हॉटडिश हातात घेऊन उभी होती. "मार्चपर्यंत तो पळायला लागेल. येतोयस?"

पेन्सिल काही सापडली नाही. वेंडेलने कोट घातला.

गॉर्डीने दार उघडलं, एकही टोमणा न मारता क्रिस्टनला पुन्हा जोडलं आणि आपली खुर्ची त्याला दिली. तो मिचमिचा डोळा वेंडेलच्या समोर आला. पडद्यावर अँडर्सने हे अनोळखी म्हातारं तोंड पाहिलं आणि आईच्या कुशीत डोकं खुपसलं.

"लाजतोय," गॉर्डी म्हणाला.

"ओळखत नाही मला," वेंडेल म्हणाला.

गॉर्डी अवघडला. "मी कॉफी टाकतो," म्हणून स्वयंपाकघराकडे गेला.

वेंडेल खुर्चीत ताठ बसून राहिला. हळूहळू अँडर्सने तोंड बाहेर काढलं. वेंडेल हसला, त्याने हात हलवला. पोराने मान वाकडी केली आणि तो आजोबांच्या खांद्यामागे गॉर्डीला शोधू लागला.