बुवांच्या हाताचा गुण

बुवांनी डोळे मिटले तेव्हा नव्याने लागलेल्या मुलीच्या, म्हणजे सगळे जिला नवी म्हणत तिच्या, टेबलाभोवती अकरा माणसं जमली होती. बुवा म्हणजे कंपनीतले सर्वांत जुने प्रोग्रॅमर. त्यांनी कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकून आपलं खातं उघडलं, फसलेला बिल्ड, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवण्याचा प्रयत्न, पुसला, एंटरच्या बटणावरून तीनदा बोट फिरवलं आणि ते म्हणाले, "यंत्राला आधी शांत करावं लागतं. घाई केली की रुसतं ते." सहा मिनिटांनी पडद्यावर बिल्ड जमल्याची हिरवी ओळ आली. यंत्राचा रुसवा काढायचं औषध एकट्या बुवांकडेच कसं, असं कोणी विचारलं नाही.

काम तसं नेहमीचंच होतं. कंपनीची मोजमापाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, सी प्लस प्लस या भाषेत लिहिलेली. ती पायथन या दुसऱ्या भाषेतून वापरता यावी म्हणून मध्ये जोडणीचा एक थर बिल्ड करावा लागे. तो बुवांखेरीज कोणाच्याच हातून होत नसे. बाकीच्यांनी नाद सोडला होता, पण नवीला नेमलं होतं ते त्याच कामासाठी.

"हिचा हातच लाभत नाही," लोक म्हणत, तेही तिला ऐकू जाईल असं. तिच्याशी कामापुरतंसुद्धा कोणी बोलेना. आई फोनवर विचारी, "रुळलीस का गं तिथे?" ती "हो" म्हणून विषय बदली. तिला फार एकटं वाटत होतं. त्यातच शुक्रवारी उमेदवारीचे तीन महिने संपत होते. "एक तरी बिल्ड स्वतः करून दाखव, नाहीतर माझाही नाइलाज आहे," मॅनेजरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

गुरुवारी पुन्हा मंडळी जमली तेव्हा नवी म्हणाली, "बुवा, सगळं रोजच्यासारखंच करा. फक्त माझ्या खात्यातून करा."

"तुझ्या खात्यात श्रद्धा नाही, पोरी."

"श्रद्धा आहे की नाही ते यंत्राला कसं कळतं? करून तर बघा."

मंडळी हसली, तसं बुवांना मागे सरणं अवघड झालं. डोळे मिटले, बोट तीनदा फिरलं. लाल ओळ आली.

"आता तुमच्या खात्यातून. पण डोळे उघडे ठेवा, बटण मी दाबते." बुवांनी रडतखडत पासवर्ड टाकला. नवीने डाव्या हाताच्या करंगळीने बटण दाबलं. हिरवी ओळ आली.

मग तिने दोन्ही बिल्डचा मजकूर शेजारी शेजारी लावला आणि पार वरती नेला. त्या ऑफिसात सगळ्यांचे डोळे शेवटच्या ओळीवर लागलेले असत. पहिल्या चाळीस ओळी कोणी वाचतच नसे.

"सातवी ओळ बघा. या मशीनवर पायथनची दोन व्हर्जन आहेत, जुनं आणि नवं. माझ्या खात्यात बिल्डला आधी जुनं सापडतं. जोडणी जुन्यासाठी तयार होते, चालवायला मात्र नवं येतं, आणि दोघांचं जमत नाही. बुवांच्या खात्यात नव्याचा पत्ता लिहिलेली फाइल आहे. त्यांनी पासवर्ड टाकला की ती आपोआप वाचली जाते. एवढाच चमत्कार."

तिने तो पत्ता सगळ्यांच्या सामायिक बिल्डच्या फाइलमध्ये लिहिला आणि आपल्या खात्यातून बिल्ड चालवला. तो झाला.

"ही फाइल कधी लिहिलीत?" गर्दीत मागे उभ्या असलेल्या मॅनेजरबाईंनी बुवांना विचारलं.

"सहा वर्षं झाली." बुवा खाली बघत होते. "सांगून टाकलं असतं तर मला कोणी कशाला बोलावलं असतं? घरी तर बोलायलाही कोणी नाही."

एकेक जण निघून गेला. मॅनेजरबाई "नोकरी पक्की तुझी" म्हणाल्या, पण नवीला वाटला होता तेवढा आनंद झाला नाही.

"बुवा, लायब्ररी आतून मला अजून निम्मीही कळत नाही," ती म्हणाली. "शिकवाल?"

"बघू," म्हणून बुवा गेले.

तेव्हा मंडळी, एखादी गोष्ट एकाच माणसाच्या हातून होत असेल, तर हात जोडण्याआधी विचारा, याच्याकडे असं काय आहे जे माझ्याकडे नाही? विचारणाऱ्याला बरेच दिवस एकटं बसावं लागतं, हे खरं आहे. तरीही विचारा.