चराच्या तळाची बरणी

“नॉर्मन, खाली काट्यात अडकलंय बघ. जरा लाथ घाल त्याला,” रॉय सॅमवेज तटाच्या माथ्यावरून म्हणाला.

मी यंत्राला लाथ घातली. ते सुटलं आणि दोराला लटकून पुन्हा उतारावर डावी-उजवीकडे फिरू लागलं. आमच्या विकबोर्नचा मातीचा तट इतका उभा आहे की गवत कापायचं यंत्र त्यावर ढकलता येत नाही. वरून दोराने सोडावं लागतं. त्या दोराचं टोक पंचेचाळीस वर्षं रॉयच्या हातात आहे. गावाच्या तीन बाजूंना तट आणि चौथीला नदी. नदीपासून निघून तो पुन्हा नदीशी पोचतो, तोवर पहिल्या टोकाचं गवत घोट्याच्या वर आलेलं असतं. मग परत तिथून सुरुवात.

त्या शनिवारी मात्र त्याचं लक्ष गवतात नव्हतं. पश्चिमेच्या कोपऱ्यात विद्यापीठाची मंडळी १९७९ साली उत्खननासाठी खणलेला जुना चर पुन्हा उपसत होती. हजारेक वर्षांपूर्वीच्या सॅक्सन राजाने हा तट नेमका कधी घातला, ते आता मातीच्या कणांवरून काढता येतं म्हणे.

“तळाला पोचले का रे?” त्याने विचारलं.

“हातभर राहिलंय.”

“म्हणजे आज निघणार.”

“निघू दे की. काच ती, फुटली असेल कधीच.”

“आईची लोणच्याची बरणी होती ती, नॉर्मन. फुटायची नाही.”

हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, कारण तो चर बुजवला तेव्हा तळाशी आम्ही दोघंच उभे होतो. वय वीस, दोघंही त्या उत्खननावर कामाला. चर बुजवण्याआधी तळाशी त्या सालचं नाणं टाकायचं, अशी खोदणाऱ्यांची एक रीत आहे. पुढे कुणी तिथेच खणलं तर आधी कुणीतरी इथवर येऊन गेलंय, एवढं त्याला कळावं. रॉयने नवी कोरी पेनी बरणीत टाकली. मग खिशातलं पत्र काढलं, घडी केली, आणि तेही आत टाकून झाकण लावलं.

पत्र उत्तरेकडच्या एका मोठ्या उत्खननावरून आलं होतं. कायमची नोकरी होती. रॉयच्या हाताला माती कळायची. थापी ओढली की नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, इथे गवताची ढेकळं रचलीत, इथे नुसता चिखल लोटलाय. आमच्या प्रमुखांनीच त्याच्यासाठी शब्द टाकला होता. पण मार्चमध्ये त्याची आई गेली, आणि घरात उरली थोरली बहीण बेरिल, लहानपणीच पोलिओने दोन्ही पाय गेलेली. “उत्तरच नाही आलं,” असं रॉयने तिला सांगितलं आणि महिन्याभरात नगरपालिकेचा दोर हातात घेतला. आपल्यापायी तो अडकला हे तिला कधीही कळता कामा नये, असं त्याने मला बजावलं होतं. मला तेव्हा तो वेडा वाटला. अजूनही थोडा वाटतो.

दुपारी गावकऱ्यांसाठी चर बघायला खुला झाला. बेरिल तिच्या बॅटरीच्या खुर्चीतून आली. मांडीवर गोधडी, त्यावर चहाचा थर्मास.

“काय हो, तटाधिपती,” तिने भावाला हाक मारली. “झाली का प्रदक्षिणा?”

“अर्धी झाली.”

“याला बघ नॉर्मन, एका ढिगाऱ्याभोवती आयुष्य काढलं. जन्मात एकदा कुठे अर्ज केला, तर त्यांनी साधं नाहीसुद्धा कळवलं नाही. मी असते ना धड पायांची, तर पहिल्या गाडीने पळाले असते.”

रॉय हसला. तो नेहमीच हसतो.

तेवढ्यात उत्खननावरची इमोजेन नावाची तरुण मुलगी एक पसरट ट्रे सांभाळत आली. त्यात बरणी होती. झाकण गंजून पाणी आत गेलं होतं आणि पेनी हिरवी पडली होती. शेजारी ओल्या कागदाचा गोळा, त्यातला एक तुकडा तिने चिमट्याने हलकेच उलगडून ठेवला होता.

“मिस्टर सॅमवेज, तुम्ही होतात ना तेव्हा? हे कुणाचं असेल? नावाच्या जागी नुसता लगदा झालाय. एवढी एकच ओळ लागते.”

बेरिलने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. “आपली निवड झाल्याचे कळवण्यास आनंद होतो.”

माझं तोंड उघडलंच होतं. रॉयने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी ते मिटलं.

“बाहेरगावची बरीच पोरं होती तेव्हा,” तो म्हणाला. “असेल कुणाचं तरी.”

“पत्र इथेच टाकून गेला, वेंधळा,” बेरिल म्हणाली. “पण गेला असणार. असं बोलावणं आल्यावर कोण थांबतं?”

“गेला असणार.”

“नाहीतर तू.”

“नाहीतर मी,” रॉय म्हणाला, आणि थर्मासचं घट्ट बसलेलं झाकण तिला काढून दिलं.

मला तिचा भयंकर राग आला. पण तिला ठाऊक नव्हतं म्हणूनच तर ती इतकी मोकळी बोलत होती. ठाऊक असतं, तर पंचेचाळीस वर्षं मान खाली घालून त्याच्या हातचा चहा प्याली असती.

पुढच्या शुक्रवारी चर बुजवायचा होता. यंदाचं नाणं रॉयनेच टाकावं, असं इमोजेन म्हणाली. तो शिडीने खाली उतरला. नाणं ठेवण्याआधी त्याने तिथे पडलेली थापी उचलली, भिंतीसारख्या कापलेल्या मातीवरून ओढली आणि कान दिला.

“पोरी, तुझ्या नकाशात इथे एक थर दाखवलाय. दोन आहेत.”

ती गुडघ्यांवर बसली, बराच वेळ बघत राहिली. मग तिने खोडरबर काढला. “हे कुठे शिकलात तुम्ही?”

“इथेच.”

त्याने नाणं तळाशी ठेवलं.

“आणखी काही टाकायचंय?” मी वरून विचारलं.

त्याने दोन्ही खिसे चाचपून पाहिले. “नाही,” तो म्हणाला, आणि शिडी चढू लागला.