उलटी घातलेली फरशी

मित्रांनो, तुम्ही माणसं एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखता. मला ती सोय नाही. मी तळव्यांवरून ओळखते. टाच कुठे फुटली आहे, आधी अंगठा टेकतो की करंगळी, माणूस रागात आहे की अजून झोपेत, हे मला पायाच्या पहिल्या स्पर्शात कळतं. मी एक जुनी फरशी आहे, काळ्या दगडाची, एका घरातल्या बाथरूममध्ये नळाखाली बसवलेली. मी सांगणार आहे त्यातलं काही तुम्हाला पटणार नाही. पण अंगावर जेवढं पडलं तेवढंच मी सांगते. पदरचं काही घालत नाही.

माझा जन्म खाणीतला. तिथे आम्ही एकीवर एक, वहीच्या पानांसारख्या चिकटून पडलो होतो. छिन्नीचे घाव बसले, माझ्या वरची निघाली, मग मी निघाले. माझं एक अंग वाळू आणि पाणी घालून घासलं गेलं आणि गुळगुळीत झालं. दुसऱ्या अंगावर छिन्नीच्या खुणा तशाच राहिल्या. ते अंग जमिनीकडे जायचं होतं. कोणाला दिसणारच नाही, तर त्याचे लाड कोण करणार?

दुकानात एक नवं जोडपं आलं. बायको खाली बसली आणि तिने माझ्यावर तळहात टेकवला. दुकानदार म्हणाला, "वहिनी, हीच न्या. झिजली तर उलटी घाला, दुसरा जन्म आहेच तिला."

"माणसाला नाही बुवा अशी सोय," नवरा म्हणाला.

"तुम्हाला असून काय उपयोग? तुम्ही दोन्हीकडून खडबडीतच," ती म्हणाली. दुकानदार हसला आणि मी त्या घरी गेले.

पुढे ती आई झाली आणि घरातले सगळे तिला आईच म्हणू लागले. तो आबा झाला. नळाशेजारी कमरेइतका कट्टा होता. आई त्यावर कपडे घासायची, आणि घासताना माझ्यावर उभी असायची. मुलाला तिने माझ्यावरच न्हाऊ घातलं. पाहुणे आले की म्हणायचे, "काय गार दगड आहे हो तुमच्याकडे." मग आई पायाच्या अंगठ्याने मला हलकेच दाबायची, जणू शाबासकी माझीच होती. एकदा मुलाने डाग घालवायला माझ्यावर ॲसिड ओतलं. मी फसफसले. आईने त्याचा कान धरला. "दगडाला तोंड नाही म्हणून त्याला काहीही पाजशील?"

वर्षं गेली. आईचा उजवा गुडघा दुखू लागला आणि ती सगळा भार डाव्या पायावर देऊ लागली. मी झिजत होते. जिथे तिचे पाय, तिथे दोन उथळ खळगे पडले, डावा जरा खोल. दोन्हींची बोटं कट्ट्याकडे.

त्याच सुमारास आबांची दृष्टी गेली. हळूहळू, कडेकडेने गेली, आणि शेवटी काहीच उरलं नाही. आंघोळीला दुसऱ्याचा हात लागणं त्यांना सोसवेना. तेव्हा आईने त्यांना हाताला धरून आत आणलं. "उंबरा ओलांडा. आता पाय घासत या. गार लागलं? थांबा. आता माझ्या पावलांत तुमची पावलं ठेवा. नळ उजव्या हाताला, बादली समोर, दांडी डावीकडे. बास, झाली तुमची आंघोळ."

तेव्हापासून आबा रोज त्या खळग्यांत उभे राहून आपली आंघोळ आपण करत. पाय बसले की त्यांचा श्वास खाली यायचा. ते मला पोटऱ्यांच्या थरथरीवरून कळायचं.

मग एका सकाळी आई आली नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. बरेच अनोळखी पाय येऊन गेले, आणि मला समजलं.

मुलगा आणि सून तोवर दुसऱ्या गावी राहत होते. आबांना एकटं कसं ठेवायचं म्हणून दोघं इथे राहायला आली. सुनेचे पाय लहान, टाच मऊ, चाल पक्की. सासूचा सहवास तिला फारसा घडला नव्हता. दोघींचं वाकडं नव्हतं, पण जवळीकही झाली नव्हती.

थोड्याच दिवसांत सून बाथरूमच्या दारात थबकली. सगळी जमीन वाळली होती. माझ्यावर मात्र दोन ओली पावलं होती, कट्ट्याकडे तोंड करून.

"अहो, आत कोण गेलं होतं?" तिने नवऱ्याला विचारलं.

"कोणी नाही. तिथे खळगे आहेत, पाणी साचतं. आई उभी राहायची तिथे."

"मग बोटं कशी दिसतात?"

"बोटं?"

"नीट बघा. सगळी."

तो तिथूनच "हं" म्हणाला आणि कामाला गेला. सुनेने फडक्याने पावलं पुसली.

मित्रांनो, खळग्यात पाणी साचतं हे खरंच आहे. पण एकदा इमारतीच्या टाकीची दुरुस्ती निघाली आणि नळ बंद राहिले. आबांनी खोलीतच ओल्या पंच्याने अंग पुसून घेतलं. बाथरूम कोरडं ठणठणीत झालं, सांडपाण्याची जाळीसुद्धा वाळली. भर दुपारी सून ब्रश घ्यायला आत आली. पावलं ओली होती. त्या दिवशी माझ्यावर पाण्याचा एक थेंबही पडला नव्हता. वजन मात्र पडलं होतं. डावीकडे जास्त, उजवीकडे कमी.

त्यानंतर सुनेने माझ्यावर पाय ठेवणं सोडलं. ती भिंतीला चिकटून, एका कडेला उभी राहून आंघोळ करायची.

मग खालच्या मजल्यावरचे काका वर आले. त्यांच्या छताला ओल आली होती. जुने पाइप आतून कुजले होते, बाथरूम पूर्ण उकरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सुनेच्या पायांत त्या दिवशी हलकेपणा आला. सगळंच निघणार म्हणजे मीही निघणार होते.

दोघं दुकानातून नमुन्याच्या फरश्या घेऊन आली. मुलाचा जीव एका पांढऱ्या संगमरवरावर जडला होता. त्यात म्हणे सोनेरी रेघा होत्या.

"एकदम हॉटेलासारखं वाटेल," तो म्हणाला.

"हॉटेलात माणूस दोन दिवस राहतो. इथे जन्म काढायचाय," सून म्हणाली. "दुकानात आपण बूट घालून, दिव्याखाली, फरशी भिंतीला टेकवून बघतो. आंघोळ काय बूट घालून करणार आहात?"

तिने सगळे नमुने बाथरूममध्ये मांडले. संगमरवरावर केसांच्या तेलाचा थेंब आणि लिंबाचा थेंब टाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी तेल आत मुरलेलं होतं आणि लिंबाने तुळतुळीत अंगावर चट्टा पाडला होता. मग तिने चकचकीत फरशीवर साबणाचं पाणी ओतलं आणि अनवाणी उभी राहिली. तिचा पाय सटकला. नळ हाताला लागला म्हणून वाचली. लाकडासारखी दिसणारी एक होती, तिच्या खाचांत मळ बसला की ब्रशलाही निघत नव्हता. शेवटी तिने ठरवलं, चकाकी भिंतीला आणि पकड पायाला. भिंतीवर सायीच्या रंगाच्या झिलईदार टाइल्स, जमिनीवर मातकट रंगाच्या, न चकाकणाऱ्या, लहान तुकड्यांच्या, म्हणजे सांधे जास्त आणि पाय घसरायची भीती कमी. मनात म्हटलं, पोरगी हुशार आहे. दुःख एवढंच की तिच्या हिशेबात मी नव्हते.

आबा दारात उभं राहून सगळं ऐकत होते. "सगळं बदला," ते म्हणाले. "तो दगड तेवढा राहू दे."

"आबा, नवी जमीन सपाट असेल," मुलगा म्हणाला. "पाय अडकायचा नाही."

"सपाट जमिनीवर मी कुठे उभा आहे, ते मला कोण सांगणार? तो दगड काढलात तर मला आंघोळ घालायला माणूस ठेवा. आणि मग सरळ एखाद्या आश्रमातच ठेवा, तिथे तशी सोय असते."

मग सूनच बोलली, खालच्या आवाजात. "आबा, मला तिथे भीती वाटते. कोणीतरी उभं असल्यासारखं."

"उभं आहेच," आबा म्हणाले. "मला तर रोज तिची जागा मागून घ्यावी लागते."

तोड मुलाने काढली. "आईच सांगायची ना, झिजली की उलटी घालायची? दगड जागेवरच राहील. खालचं अंग खडबडीत, आबांच्या पायाला लगेच कळेल आणि घसरणारही नाही. आणि ती पावलं," तो बायकोला म्हणाला, "ती जातील खाली."

सगळ्यांना पटलं. तिघेही आपापल्या जागी बरोबर होते. चूक झाली ती तिघांची मिळून, आणि तीसुद्धा आईचाच शब्द पाळताना.

मिस्त्री आला. पहारीने त्याने मला उचललं. इतक्या वर्षांनी माझ्या पोटाला वारा लागला. नवे पाइप पडले, टाइल्स बसल्या, आणि मग माझ्यासाठी सिमेंट-वाळूचा ओला माल पसरला गेला.

"खळगे भरून घेतो," मिस्त्री म्हणाला, "नाहीतर पोकळ वाजेल." त्याने मला कुशीवर वळवलं आणि पालथं घातलं. वर बसून रबरी हातोडीने ठोकलं. ओला माल खळग्यांत चढला, प्रत्येक बोटाच्या जागी शिरला, टाचेच्या भेगेतसुद्धा शिरला. मग तो घट्ट होऊ लागला.

काय झालं ते तुम्हाला कळलं का, मित्रांनो? तोवर माझ्यावर दोन पावलांच्या नुसत्या जागा होत्या, रिकाम्या. आता त्या जागा भरल्या. माझ्या पोटाखाली दोन घट्ट पावलं तयार झाली, तळवे वर करून. ती वरच्या बाजूला मला दाबू लागली. डावं जास्त, उजवं कमी.

आठवड्याने बाथरूम उघडलं. शेजारणी येऊन बघून गेल्या. भिंतींचं कौतुक झालं, माझ्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. सून पहिल्यांदा माझ्यावरून सहज चालत गेली.

आबांच्या पहिल्या आंघोळीला मुलगा आणि सून बाहेर दाराला कान लावून उभी होती. पाय घसरला असता, किंवा जागा सापडली नसती, तर उद्यापासून माणूस येणार हे ठरलं होतं. आबांनी उंबरा ओलांडला. पाय घासत आले. मातकट टाइल्स, सांधे, सांधे, आणि मग मी. ते थांबले. त्यांची बोटं खळगे शोधू लागली. खळगे नव्हते. छिन्नीच्या खुणांवरून पाय पुढे गेले, मागे आले. पोटऱ्या थरथरायला लागल्या.

"आबा, येऊ का आत?" मुलाने विचारलं.

तेवढ्यात खालून दाब वाढला. मी दगड आहे, मी कोणाला हात देऊ शकत नाही. पण मधे मीच होते म्हणून मला ते कळलं. आबांचा डावा पाय आपोआप सरकला आणि थांबला. मग उजवा. आता वरून दोन तळवे होते आणि खालून दोन, मधे फक्त मी. थरथर निवली.

"नको," आबा म्हणाले. "जागा मिळाली." आणि नळ उजव्या हाताला सापडला.

आबांची आंघोळ त्यांच्याकडेच राहिली. गोष्ट इथे संपली असती तर बरं होतं.

त्यांच्यामागून सून जमीन धुवायला आली. तिने बादलीभर पाणी ओतलं. पाणी टाइल्सवरून पसरलं, सांध्यांतून जाळीकडे धावलं, माझ्यावरून गेलं. सगळी जमीन ओली झाली. माझ्यावर मात्र दोन जागा कोरड्या राहिल्या. पाण्यात कोणी उभं असलं की पायांखाली जशी कोरडी जागा राहते, तशा. दोन पावलं, सगळ्या बोटांसकट.

तिने पुन्हा पाणी ओतलं. पाणी आलं आणि त्या दोन जागांना वळसा घालून गेलं.

ओलं असतं तर फडक्याने पुसता आलं असतं. कोरडं कशाने पुसणार? मी वाट पाहत होते, की आता ती पहार मागवेल. ती वाकली. दुकानात कोणे एके काळी एका बाईने टेकवला होता तसा तिने माझ्यावर तळहात टेकवला. मी जन्माची गार. पण त्या दोन जागा गार नव्हत्या. तिचा हात तिथेच राहिला.

पुढच्या सकाळी आबांची काठी दाराशी वाजली. सून आत बादली भरत होती. तिने माझ्याकडे पाहिलं असावं, कारण आवाज माझ्याच दिशेने आला.

"आई, जरा सरका," ती म्हणाली. "आबांना आंघोळ करायचीय."

आणि मित्रांनो, खालचा दाब थोडासा बाजूला झाला. अगदी एका माणसापुरता.

आता मी या दुसऱ्या अंगावर झिजते आहे. तुमच्याकडे माझं फार मागणं नाही. फरशी निवडाल तेव्हा तिच्यावर पाणी ओता आणि अनवाणी उभे राहा, नुसत्या रूपावर जाऊ नका. जुनी काढायची झालीच तर फोडण्याआधी एकदा उलटून पाहा. तिला तोंड नाही म्हणून तिला काहीही पाजू नका. आणि तिच्यावर पाऊल ठेवाल ते हळू ठेवा. खालूनही कोणी तळवा टेकवून उभं असेल.