सात नंबरचं उत्तर

माणूस वाईट नसतो, सवयी वाईट असतात, असं म्हणणाऱ्यांनी एकदा सात नंबरच्या शेजारी उभं राहून नेम धरून दाखवावा. हा गृहस्थ नेमबाजीच्या रेंजवर उशिरा यायचा, भली मोठी पिशवी थेट टेबलावर आदळायचा, आणि शेजाऱ्याने श्वास रोखून धरला की बरोबर तेव्हाच याला फोन यायचा. याच्या पिस्तुलातून उडालेली गरम पुंगळी एकदा शेजारच्या म्हाताऱ्याच्या कॉलरमध्ये शिरली. म्हातारा जागच्या जागी नाचला आणि हा हसला. सॉरी नाही, काही नाही. दुसरी कुठलीही लेन दिली तरी उभा राहणार सातवरच, म्हणून त्याचं नावच सात नंबर पडलं होतं.

रेंजची शिस्त मामांच्या हातात होती. हे कुणाचे सख्खे मामा नव्हेत. शिट्टी मारणारे, टार्गेटच्या चौकटी ठोकणारे, नवख्याचं बोट ट्रिगरवरून उचलून बाजूला ठेवणारे सगळ्यांचे मामा. दहा लेन, दहा टेबलं आणि मागे जमिनीवर एक पिवळा पट्टा. टार्गेट बदलायची वेळ झाली की मामा शिट्टी मारत. मग प्रत्येकाने गोळ्या काढायच्या, हत्यार उघडं करून टेबलावर ठेवायचं आणि पट्ट्यामागे यायचं. मामा एक नंबरपासून विचारत जात, "झालं?" आणि ज्याने त्याने तोंडाने सांगायचं, "झालं." दहाही उत्तरं आली की मामा हात वर करत आणि मगच माणसं टार्गेटकडे चालू लागत. माणसं पुढे असताना टेबलाला बोटही लावायचं नाही. एवढा साधा कारभार, पण सगळ्यांचे जीव त्यावरच टांगलेले.

आता मामांच्या बायकोशिवाय कुणालाच ठाऊक नसलेली गोष्ट. मामांचे कान गेले होते. डावा जवळजवळ गेलाच होता आणि उजवाही त्याच वाटेवर होता. मामा कामाला लागले तेव्हा आवाज अडवणाऱ्या कानपट्ट्या फक्त नेमबाजीला येणाऱ्यांसाठी असत. नोकरमाणसाने कापसाचा बोळा कोंबायचा, तोही आठवला तर. आता मामा समोरच्याच्या ओठांकडे बघून ऐकत. फोनवर ओठ दिसत नाहीत, म्हणून लेकीचा फोन आला की "हो का, छान छान" यावर भागवत. एकदा लेक म्हणाली, जिन्यात पडले, पाय मुरगळला. मामा म्हणाले, छान छान. बायकोने फोन हिसकावून घेतला. नंतर दोघं पोट धरून हसली, आणि मग बायकोने फोन बाजूला ठेवला.

"रेंजवर सांगून टाका एकदा," ती म्हणाली.

मामांनी कानाडोळा केला. त्याला कान चांगले असावे लागत नाहीत. रेंज सोडून घरी बसायचं, हा विचारच त्यांना सोसत नव्हता.

त्या रविवारी सकाळी दहाही लेन भरल्या होत्या. चार नंबरवर बाई होत्या. शाळेत शिकवत होत्या आणि पुढच्या महिन्यात स्पर्धेला जाणार होत्या. पिस्तूल धरायचं कसं, इथपासून मामांनीच त्यांना शिकवलं होतं. पहिला डाव संपला, मामांनी शिट्टी मारली आणि विचारायला सुरुवात केली. सातपाशी आले तर गडी पाठ करून उभा, फोन कानाला, आणि टेबलावर ती पिशवी, पिस्तूल तिच्याआड. पिशवी खाली ठेवा, असं मामांनी त्याला आधी दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. रोज कोण डोकं फोडून घेणार?

"झालं?" मामांनी विचारलं.

पाठमोऱ्या माणसाकडून काहीतरी आलं. त्यातलं शेवटचं 'झालं' तेवढं मामांच्या उजव्या कानात पडलं. ते आठकडे सरकले, मग नऊ, मग दहा. आणि त्यांनी हात वर केला.

बाई टार्गेटच्या टाचण्या काढत होत्या तेव्हा गोळी सुटली. चौकटीचं लाकूड त्यांच्या हातापासून दोन बोटांवर फुटलं आणि एक ढलपी गाल कापून गेली. क्षणभर सगळे होते तिथे थिजले. सात नंबर टेबलापाशी उभा होता, हातात पिस्तूल, तोंड पांढरंफटक. मामा त्याच्यापाशी गेले, त्याची बोटं एकेक करून सोडवली, पिस्तूल घेतलं, रिकामं केलं, खाली ठेवलं.

"मी रिकामं करायलाच उचललं हो, बोट लागलं," सात नंबर म्हणत होता. "वर बघतो तर... ही माणसं पुढे कधी गेली? मी सांगितलं होतं, अजून नाही झालं."

"वर तोंड करून खोटं बोलतोय," कुणीतरी म्हणालं. सगळे त्याच्यावर तुटून पडले. कॉलरमध्ये पुंगळी गेलेला म्हातारा सगळ्यात पुढे.

मामा हे सगळं एकेकाच्या ओठांवर वाचत होते. मग ते ऑफिसात जाऊन बसले. थोड्या वेळाने बाई आत आल्या. गालावर पट्टी होती.

"जिवावरचं गालावर निभावलं," त्या म्हणाल्या. मग खुर्ची ओढून समोर बसल्या. "पण मामा, तो खोटं बोलत नाहीये. 'अजून नाही झालं' असंच म्हणाला होता तो. मी ऐकलं."

"मग तुम्ही पुढे गेलात कशा?"

"तुम्ही हात वर केलात ना." त्या सहज म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही डोळ्यांनी बघून खात्री केली असणार."

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई रागावल्या असत्या, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या मनात अविश्वास नावालाही नव्हता, आणि त्याच भरवशावर त्या गोळीसमोर चालत गेल्या होत्या.

दुपारपर्यंत तक्रार लिहून तयार झाली. सात नंबरला रेंजवर कायमची बंदी आणि लायसन्स रद्द करायची शिफारस. रविवारच्या सगळ्या मंडळींनी सह्या केल्या. 'माणसं पुढे असताना हत्याराला हात लावला' एवढंच लिहून बाईंनीही सही केली. बुधवारी बैठक होती. फक्त मामांची सही राहिली होती, आणि खरं तर तिच्यावरच सगळं ठरणार होतं, कारण उत्तरं घेणारे ते.

घरी बायकोने कागद दोनदा वाचला. "करा सही," ती म्हणाली.

"तूच म्हणत होतीस ना, सांगून टाका."

"तेव्हा म्हणत होते. आता सांगितलंत तर सगळं तुमच्यावर शेकेल. तो माणूस तसाही कुणाला नको आहे. तुम्ही कुठे पिस्तुलाला हात लावला होता?"

"आणि पुढच्या रविवारी हात वर कोण करणार?"

"तुम्हीच. दुसरं कोण?"

"तेच तर," मामा म्हणाले.

बायकोने कागद घडी करून त्यांच्या हातात दिला. मग पदराने डोळे पुसले आणि ती आत गेली.

बुधवारी संध्याकाळी ऑफिसात चौघंच होती: रेंजचे सेक्रेटरी, बाई, मामा आणि सात नंबर. सात नंबर भिंतीला टेकून उभा होता. आज पिशवी नव्हती, फोनही खिशात होता. सेक्रेटरी मामांच्या बरोबरीचे, स्वभावाने मऊ, भानगड लवकर मिटावी एवढीच त्यांची इच्छा. त्यांनी पेन पुढे केलं.

"सही नाही करत," मामा म्हणाले. "त्याने हत्याराला हात लावला, ते त्याचं. ते लिहा. पण नाही झालं म्हणाला असताना माणसं पुढे सोडली, ते माझं. तेही लिहा. मला ऐकू आलं नाही. मला ऐकू येतच नाही साहेब, बराच काळ."

सात नंबरची मान वर झाली. बाईंचा हात गालाच्या पट्टीवर गेला आणि तिथेच राहिला.

"काहीतरीच काय मामा," सेक्रेटरी म्हणाले. "आत्ता एवढा वेळ बोलतोय आपण."

"तुमचं तोंड दिसतंय म्हणून."

"अहो, या वयात सगळ्यांनाच थोडंफार होतं. माझंही होतं." मामांना वाचवायची त्यांची धडपड चालली होती, ते दिसत होतं. "फिरा बघू तिकडे. मी विचारतो, तुम्ही उत्तर द्या. मिटला विषय."

मामा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. समोर रेंजचे नियम लावलेले होते, त्यांनी स्वतः रंगवलेले. त्यांनी उजवा कान जरा तिरका केला, सगळा जीव त्या कानात गोळा केला आणि वाट बघितली. लिहिलेले नियम वरपासून खालपर्यंत वाचून झाले. पुन्हा वरपासून सुरू केले.

"विचारा की साहेब," शेवटी ते म्हणाले.

मग खांद्यावर हात पडला. मामा वळले. सात नंबर होता. सेक्रेटरी मान खाली घालून बसले होते आणि बाई रडत होत्या.

सात नंबर मामांच्या अगदी समोर येऊन उभा राहिला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "तीनदा विचारलं त्यांनी. किती वर्षं झाली इथे, असं विचारत होते."

"सत्तावीस," मामा म्हणाले.

सेक्रेटरींनी ते लिहून घेतलं.