काकूंचा गोड आठवडा

आमच्या रेडिओवर सकाळी नऊ ते दहा काकू श्रोत्यांना झापतात आणि श्रोते झापून घ्यायला रांग लावतात. फोन आधी मी उचलते, कोण, काय तक्रार ते विचारते आणि चिठ्ठी लिहून काकूंसमोरच्या काचेला लावते: ‘रडूबाई’, ‘लांबण लावणारा’, ‘थापाड्या’. मगच फोन आत जोडते. कुणाला आत सोडायचं हे मीच ठरवते, आणि त्याचा मला थोडा माज आहे.

नवे साहेब आले नि त्यांनी फर्मान काढलं, श्रोत्यांशी गोड बोला. आठवडाभरात एकदा जरी आवाज चढला तरी कार्यक्रम बंद, त्या जागी गाणी. काकूंचा जीव या एका तासात. बिचाऱ्या निमूट गोड बोलायला लागल्या.

सोमवारी एकीने विचारलं, “काकू, ताप आहे का?” मंगळवारी तिघांनी औषधं सुचवली. बुधवारी एक शिंपी चिडलाच. “मी गिऱ्हाइकांना महिनाभर खेटे घालायला लावतो म्हटलं, तर तुम्ही म्हणता, होतं असं कधीकधी. मग मी सुधारायचं कसं?” मला हसू आवरेना. काकू मात्र रडकुंडीला आल्या होत्या.

शुक्रवारी साहेब स्वतःच माझ्या शेजारी पहाऱ्याला बसले. तेवढ्यात एका आजोबांचा फोन आला. मुलगा फोन उचलत नाही म्हणाले. मुलाचं नाव विचारलं, तर आमच्याच साहेबांचं. मी शेजारी पाहिलंसुद्धा नाही. चिठ्ठीवर ‘एकटे आजोबा’ लिहिलं आणि फोन जोडून दिला.

“महिना झाला हो, बोलणं नाही,” आजोबा म्हणाले. “कामात असतो बिचारा.”

आवाज ओळखून साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. काकूंनी काचेतून त्यांच्याकडे पाहिलं, काय ते ओळखलं, आणि मग काकूंचा बांध फुटलाच.

“बिचारा कसला? बापाशी दोन मिनिटं बोलायला त्याची जीभ झिजते का? आणि आजोबा, तुम्ही आधी त्याची बाजू घेणं बंद करा. लाडावून ठेवलंय नुसतं.”

आजोबा खदखदून हसले. “हां, आत्ता कशा बोललात. चार दिवस वाटत होतं, तुम्हीही परक्या झालात.”

साहेब ताडकन उठून बाहेर गेले. संपलं सगळं, म्हणून मी कपाळाला हात लावला. तर दुसऱ्या लाइनवर फोन वाजला. पलीकडच्या खोलीतून साहेबच बोलत होते.

“बाबांचा फोन लागत नाहीये. ते तुमच्याकडे अडकलेत. मला आत जोडा.”

मी लगेच जोडून दिलं.

“बाबा, मी बोलतोय. चुकलं माझं. आणि काकू, तो गोड बोलायचा नियम रद्द. आता मला झापा.”

काकूंनी बाह्या सरसावल्या. पण आधी आजोबाच घाईघाईने बोलले.

“बाई, जरा बेतानं झापा त्याला. सकाळपासून काही खाल्लं नसेल त्याने.”